पाळकसाहेबांची स्मरण-उपासना: आखणी करणाऱ्यांसाठी

निवृत्त पाळकाचे निधन झाले की दफन बहुधा दुसऱ्या दिवसापर्यंत आटोपते. आपल्याकडच्या हवेत फार थांबता येत नाही. ज्यांना त्यांनी बाप्तिस्मा दिला, ज्यांची लग्ने लावली, ज्यांच्या आईवडिलांच्या कबरेपाशी उभे राहून प्रार्थना केली, ती माणसे मात्र चार तालुक्यांत, मुंबई-पुण्यात, परदेशात विखुरलेली असतात. निरोप कळेपर्यंत माती दिलेली असते. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी सगळ्यांना येता येईल असा दिवस पाहून स्मरण-उपासना ठेवतात. कुणी तिला उपकारस्तुतीची उपासना म्हणतात, कुणी साधे ‘प्रार्थना ठेवलीय’ म्हणतात.

हा लेख अशा उपासनेची जबाबदारी अंगावर आलेल्यांसाठी आहे: मुलगा, सून, मुलगी, पास्टोरेट कमिटीचे सेक्रेटरी किंवा त्या चर्चचे आजचे पाळक. वेळ थोडा असतो आणि मन ठिकाणावर नसते. कमिटीच्या बैठकीत प्रत्येकाला एकेक नाव सुचते आणि पाहता पाहता उपासनेचा सत्कार समारंभ होतो. पुढे खुर्च्यांची रांग, शाली, पुष्पगुच्छ, पंधरा भाषणे, आणि शेवटी घाईघाईत एक प्रार्थना. लांबून आलेला माणूस ज्यासाठी आला ते त्याला मिळत नाही.

हे टाळायचे तर दोन गोष्टी धरून ठेवा. आभार मानायचे ते देवाचे. आणि पाळकांविषयी बोलायचे ते ज्यांची त्यांनी सेवा केली त्यांनी. पुढच्या सगळ्या सूचना या दोन गोष्टींतूनच निघतात.

आधी कोणाशी बोलावे

पहिली भेट पाळकांच्या पत्नीची. मुलांनी परस्पर ठरवून आईला फक्त तारीख कळवू नये. साहेबांनी काही सांगून ठेवले होते का, एखादे गीत, एखादा शास्त्रपाठ, ‘हार घालू नका’ अशी एखादी इच्छा, हे त्यांनाच ठाऊक असते. कित्येक पाळक बायबलच्या मागच्या कोऱ्या पानावर अशी टिपणे करून ठेवतात. ते बायबल जरूर उघडून पाहा.

दुसरी भेट त्या चर्चच्या आजच्या पाळकांची. ही भेट नाजूक असते. साहेब निवृत्त होऊन ज्या गावात राहिले, तिथे ते कधी पाळक नव्हतेच, असे पुष्कळदा असते. तिथल्या मंडळीने त्यांना पहिल्या बाकावर बसणारे शांत गृहस्थ म्हणूनच पाहिलेले असते. उपासना मात्र याच चर्चमध्ये होणार आणि ती चालवण्याचा मान आजच्या पाळकांचा आहे. कुटुंबाच्या ओळखीचे कितीही मोठे रेव्हरंड येणार असले, तरी आधी त्यांना विचारा. ते सांगतील त्याप्रमाणे बिशपांच्या कार्यालयाला कळवा.

तिसरे काम म्हणजे जुन्या गावांना निरोप. साहेबांच्या बदल्यांची यादी करा आणि प्रत्येक गावातला एक माणूस शोधा, बहुधा तिथल्या महिला मंडळातली एखादी बाई किंवा जुने पंच. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका टाकली म्हणजे निरोप पोहोचला असे धरू नका. सत्तरीच्या माणसाला फोनच करावा लागतो.

दिवस, वेळ, जागा

प्रोटेस्टंट मंडळ्यांत अमुक दिवशीच स्मरण झाले पाहिजे असा दंडक नाही. काही घरांत दहावा किंवा चाळिसावा दिवस धरण्याची सवय असते. ती मोडायची गरज नाही, आणि तोच दिवस साधला नाही म्हणून खंत करण्याचेही कारण नाही. नाताळचे दिवस आणि पवित्र सप्ताह टाळावा. रविवारी सकाळी सगळे पाळक आपापल्या मंडळीत अडकलेले असतात, म्हणून शनिवारची दुपार किंवा संध्याकाळ बरी. खेड्यांतून येणाऱ्यांना शेवटची एसटी मिळेल इतक्या वेळेवर उपासना संपली पाहिजे. पत्रिकेवर सुरू होण्याच्या वेळेइतकीच संपण्याची वेळही छापा.

मुले परदेशात असतील तर थेट प्रक्षेपण ठेवतात. भारतात संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात सकाळचे आठ आणि हिवाळ्यात सात वाजलेले असतात. त्या हिशेबाने वेळ ठरवता येते. मोबाइल स्टँडवर बाजूच्या खांबापाशी लावा. कॅमेरावाला वेदीपुढे फिरू लागला की मंडळीचे लक्ष प्रार्थनेवरून उडते. माइकची चाचणी आदल्या दिवशी करा. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो ना, हे त्या बाकावर बसूनच बघा. तिथेच म्हातारी माणसे बसतात.

फोटो बाजूच्या छोट्या टेबलावर ठेवावा, वेदीवर नाही. मंडळीच्या डोळ्यांसमोर मधोमध क्रूसच राहू द्या. टेबलावर साहेबांचे बायबल, चष्मा, स्टोल ठेवला तर छानच. एवढे पुरे, दारात फ्लेक्स लावण्याची गरज नाही.

जीवनवृत्तांत: माणूस दिसला पाहिजे

उपासनेतला सगळ्यात जास्त मेहनतीचा भाग हा. तो बहुधा आदल्या रात्री लिहिला जातो आणि मग त्यात जन्म, शिक्षण, बदल्या आणि विशेषणे एवढेच उरते. ‘साहेब अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू व प्रार्थनाशील होते’ हे वाक्य कुठल्याही पाळकाबद्दल म्हणता येते. त्याऐवजी समजा असे लिहिले: ‘पाथर्डी तालुक्यातल्या वस्त्यांवर साहेब सायकलने जात. पेटी कॅरिअरवर मावत नसे, म्हणून ते टाळ घेऊन जात आणि भजनाला सूर स्वतः देत. परत यायला रात्र व्हायची. आमची आई कंदील ओट्यावर ठेवायची.’ यात एकही विशेषण नाही, तरी कष्ट दिसतात, प्रेम दिसते आणि आईही दिसते.

असा तपशील मिळवायचा तर बसून विचारावे लागते. ‘साहेब कसे होते?’ असे विचारले तर ‘फार चांगले होते’ एवढेच उत्तर मिळते. पाळकांच्या पत्नीला असे विचारा: पहिल्या गावी बिऱ्हाड मांडलं तेव्हा घरात काय काय होतं? रात्री दार वाजलं की कोण उठायचं? उपदेश कधी लिहायचे, शुक्रवारी का शनिवारी रात्री? कुठलं गाव सोडताना तुम्हाला रडू आलं? कुणाचं लग्न लावायला त्यांनी नकार दिला होता का? मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. उपासनेत त्यातला दहावा भागही येणार नाही, पण नातवंडांसाठी तो ठेवा राहील.

तारखा मात्र आठवणीवर सोडू नका. दीक्षेचे प्रमाणपत्र, बदलीची पत्रे, चर्चची बाप्तिस्मा रजिस्टरे पाहा. रजिस्टरातल्या सह्यांवरून साहेब कोणत्या वर्षी कुठे होते ते नेमके कळते.

त्यांचा काळही एक-दोन वाक्यांत सांगा. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला स्थापन झाली. सहा मंडळ्या त्यात एक झाल्या. आज पंच्याऐंशी-नव्वदीत गेलेल्या पाळकाने सेवा सुरू केली तेव्हा ही मंडळी अस्तित्वातच नव्हती. त्यांचे बालपण अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत गेले की अँग्लिकन वसतिगृहात, आणि त्या एकीकरणाचे दिवस त्यांनी कसे पाहिले, हे तरुणांना माहीत नसते. मिशनने मुंबईत काम सुरू केले १८१३ साली आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे मांडले १८३१ मध्ये. आपले पाळक त्या लांब परंपरेतले आहेत. यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेल्यांच्या आठवणी तर निराळ्याच असतात, कारण ती संस्था १९८३ मध्ये पुण्याला हलली. १९७२ च्या दुष्काळात साहेब कुठे होते? १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर कुठे गेले? मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना हे विचारले की गोष्टी आपोआप निघतात.

आता लिहिणाऱ्याच्या मनातला अवघड प्रश्न: साहेब तापट होते, हे सांगायचे का? मराठीत याचे उत्तर फार पूर्वीच दिले गेले आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उत्तम स्मारक कुठले म्हणाल, तर त्यांच्या पत्नीने लिहिलेले. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांत टिळकांचा संताप आहे, हाताचा सढळपणा आहे आणि त्यापायी झालेली घरातली ओढाताणही आहे. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर बाईंच्या वाट्याला आलेली ताटातूट आहे. काही झाकलेले नाही, आणि वाचून झाल्यावर टिळकांविषयीची माया वाढलेलीच असते. प्रेम असेल तर खरे बोलता येते, एवढे बाईंकडून शिकावे. मात्र कुटुंबातले आणि मंडळीतले जुने वाद, कमिटीशी झालेले खटके, कोर्टाची प्रकरणे यांना ही जागा नव्हे. ज्या स्वभावदोषावर घरचे हसून बोलू शकतात तो सांगावा. ज्यावर अजून घाव ताजा आहे तो सांगू नये.

आठ मिनिटांत साधारण आठशे शब्द वाचून होतात, तेवढेच लिहा. वाचायला मुलगा किंवा मुलगी नको. मध्येच आवाज दाटला तर त्यांनाही जड जाते. स्पष्ट वाचणारी एखादी भाची किंवा मंडळीतल्या शिक्षिका घ्या.

त्यांच्या पत्नीचे नाव घ्या

पाळकाची नेमणूक एकाची होते, सेवा दोघे करतात. संडे स्कूल चालवणे, महिला मंडळाची प्रार्थना, मिशन कंपाउंडात आलेल्या प्रत्येकाला चहा, बाळंतिणीला डबा, नवऱ्याने मारलेल्या बाईला रात्रीपुरता आसरा, हे सगळे पाळकनिवासात पगाराविना चालत आले आहे. जीवनवृत्तांतात ‘त्यांना पत्नीची साथ लाभली’ एवढ्या वाक्यावर हे गुंडाळू नका. त्यांनी केलेले एक काम नाव घेऊन सांगा. पाळक स्त्री असेल, आणि आता मराठी मंडळ्यांत दीक्षित स्त्रिया सेवेत आहेत, तर त्यांच्या पतीबद्दल आणि घराबद्दलही तितक्याच आपुलकीने बोला.

मुलांचाही विचार करा. दर दोन-चार वर्षांनी शाळा बदलत आणि सणावारीही वडिलांना मंडळीच्या स्वाधीन करत ती मोठी झालेली असतात. आजवर प्रत्येक अंत्यविधीत त्यांच्या घरच्यांनी इतरांची व्यवस्था पाहिली. या एका दिवशी त्यांना कुठलेही काम देऊ नका. खुर्च्या मोजणे, पाहुण्यांना पाणी देणे, माइकवाल्याचे पैसे चुकते करणे हे सगळे मंडळीने अंगावर घ्यावे. कुटुंबाने फक्त बसावे, गावे आणि रडू आले तर रडावे.

कोणी बोलावे

तीन जण पुरेत, प्रत्येकी चार मिनिटे. नावे कमिटीने नव्हे, कुटुंबाने आणि आजच्या पाळकांनी मिळून ठरवावीत. एक जण असा हवा ज्याला साहेबांनी लहानपणापासून घडवले. एक असा, ज्याच्या घरी दुःखाच्या वेळी साहेब आले होते. तिसरे त्यांचे सहकारी, ज्यांनी बरोबर सेवा केली.

दुसऱ्या माणसाला बोलायची सवय नसते. त्याला घरी जाऊन सांगा: ‘काका, भाषण नको. ते तुमच्याकडे कधी आले आणि काय केलं, एवढंच सांगा.’ अशा एका उपासनेत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ उभे राहिले. म्हणाले, “माझा पोरगा गेला तेव्हा साहेब तीन दिवस रोज यायचे. प्रार्थना पहिल्या दिवशी केली. मग दोन दिवस नुसते माझ्यासोबत बसले. चौथ्या दिवशी म्हणाले, चला, कामावर जाऊन येऊ. आणि फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आले.” एवढे बोलून ते खाली बसले. पाळकाचे काम काय असते, ते तिथे बसलेल्या तरुण पाळकांना या चार वाक्यांत कळले.

आमदार, नगरसेवक, संस्थाचालक आले तर त्यांचे स्वागत करा, पुढे बसवा, उपस्थितीबद्दल आभार माना. त्यांना बोलायला बोलावलेच पाहिजे असे नाही. हे आधीच ठरवून क्रमपत्रिकेत छापले की ऐनवेळी कुणाला नाही म्हणण्याची वेळ येत नाही. ज्यांना काही सांगायचे राहिले त्यांच्यासाठी दाराशी एक वही ठेवा. ‘साहेबांची एक आठवण लिहा’ असे पहिल्या पानावर लिहून ठेवले की सही करून निघणारे लोकही चार ओळी लिहितात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी संडे स्कूलची दोन मोठी मुले वहीपाशी बसवावीत.

बाहेरगावचे पाळक पुष्कळ येतात. प्रत्येकाला दोन शब्द दिले तर तास जातो. त्यांना शास्त्रपाठ, स्तोत्राचे वाचन, मध्यस्थीच्या प्रार्थनेचे एकेक कलम वाटून द्या. शेवटच्या गीताला त्या सगळ्यांनी पुढे येऊन एकत्र उभे राहावे. मानही राहतो आणि भाषणेही टळतात.

शास्त्रपाठ आणि गीते

स्तोत्र २३ आणि योहान १४ सगळ्यांना हवेच असतात. त्यांच्यासोबत पाळकाच्या सेवेला लागू पडेल असा एक उतारा घ्या. प्रेषितांची कृत्ये २० मध्ये पौल इफिसच्या वडिलांचा निरोप घेतो. गावोगाव बदली झालेल्या पाळकाला तो फार जवळचा वाटलेला असतो. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सेवेतली माया आहे. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या चौथ्या अध्यायात सेवा पुरी करून निघालेल्या माणसाचे मन आहे. इब्री १३:७ मध्ये आपल्याला वचन सांगणाऱ्यांची आठवण ठेवायला सांगितले आहे. अनुवाद ३४ मध्ये मोशे जातो, लोक तीस दिवस शोक करतात आणि काम यहोशवाकडे येते. तरुण पाळक उपासना चालवत असतील तर हा पाठ त्यांना बळ देतो. पुनरुत्थानाची आशा सांगणारा एक पाठ हवाच: करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, रोमकरांस आठव्या अध्यायाचा शेवट किंवा प्रकटीकरण २१.

गीते मंडळीला चाल येणारी असावीत. ‘उपासना संगीत’ घराघरांत आहे, तरी पाहुण्यांसाठी गीतांचे शब्द क्रमपत्रिकेवर छापा. वृद्धांना वाचता येतील इतकी अक्षरे मोठी हवीत. चार गीतांतले एक भजनाच्या अंगाने, पेटी-तबला-टाळांवर होऊ द्या. टिळकांनी आणि त्यांच्या आधीच्या-नंतरच्या मराठी ख्रिस्ती कवींनी अभंग, ओवी, कीर्तन यांत भक्ती ओतली आणि आपले बहुतेक जुने पाळक त्याच गाण्यावर वाढले. सगळी गीते रडवणारी नसावीत. शेवटचे गीत उभारीचे असावे. तरुणांच्या गटाला गायचे असेल तर एक गीत द्या, पण ध्वनिमुद्रित संगीत लावून नव्हे. मंडळीने स्वतः गाणे हीच सांत्वनाची मोठी वाट आहे.

उपदेश आणि प्रार्थना

उपदेशकाने पंधरा मिनिटांत संपवावे. जीवनवृत्तांत होऊन गेलेला असतो, म्हणून तेच गुण पुन्हा मोजू नयेत. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला. तेव्हा मंडळीला ‘रडू नका, ते बऱ्या ठिकाणी आहेत’ असे सांगून गप्प करू नये. दुःख खरे आहे आणि आशाही खरी आहे, दोन्ही म्हणावे. पाळकाच्या आयुष्यातली एखादी गोष्ट घेऊन ती ख्रिस्ताकडे न्यावी. मंडळीने घरी जाताना साहेबांची आठवण आणि प्रभूवरचा भरवसा दोन्ही सोबत न्यावीत.

प्रार्थनेत साहेबांच्या आयुष्यासाठी उपकारस्तुती असावी आणि मागे राहिलेल्यांसाठी मागणे असावे. पत्नीसाठी, मुलांसाठी, त्यांनी वाढवलेल्या प्रत्येक मंडळीसाठी गावाचे नाव घेऊन प्रार्थना करा. आपल्या गावाचे नाव ऐकून लांबून आलेल्या माणसाचे येणे सार्थकी लागते. एक-दोन मिनिटांची शांतता ठेवा आणि ती खरोखर तेवढी टिकू द्या. पेटीवाल्याने मध्येच सूर धरू नये.

कॅथलिक मिस्सामध्ये नियम वेगळे आहेत. अंत्यविधीच्या मिस्सात उपदेशाच्या जागी मृताचे गुणगान करायचे नसते. कुटुंबातले किंवा मित्रांपैकी कुणी अखेरच्या निरोपाच्या प्रार्थनेआधी चार शब्द बोलू शकते. फादरांच्या स्मरणार्थ काही ठेवायचे असेल तर आधी धर्मग्रामाच्या फादरांशी बोलून घ्या.

इतर धर्मांचे पाहुणे

पाळक एका मंडळीचा असतो, पण गाव त्याला आपला मानते. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले तेव्हा अवघ्या महाराष्ट्राने शोक केला. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, हरित वसईची चळवळ आणि २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद यांमुळे सर्वधर्मीय वाचक त्यांचे झाले होते. आपल्या पाळकाचे वर्तुळ लहान असेल, पण शाळेतले गुरुजी, वारकरी शेजारी, औषधे देणारे मुस्लिम डॉक्टर, किराणा दुकानदार येतातच.

कधी उभे राहायचे, कधी बसायचे ते उपासना चालवणाऱ्याने हळू आवाजात सांगावे. कुणी फोटोला हार घातला, हात जोडले, तर अडवू नये. तो त्यांचा आदर आहे. त्यांच्यातल्या एकाला तीन वक्त्यांत जागा देता आली तर उत्तमच. आणि उपदेशात त्यांना उद्देशून धर्म समजावू नये. शोक करायला आलेल्या माणसाला पाहुणा म्हणूनच वागवावे.

क्रमपत्रिकेचा नमुना

दीड तासाच्या आत बसणारा हा क्रम. आपल्या मंडळीच्या पद्धतीप्रमाणे बदल करून घ्या.

१. आवाहन व प्रारंभिक प्रार्थना – ५ मिनिटे
२. गीत – ५
३. जुन्या करारातला पाठ आणि स्तोत्र (मंडळीने मिळून) – ७
४. जीवनवृत्तांत – ८
५. भजन – ५
६. तीन साक्षी – १२
७. कुटुंबाचे मनोगत – ५
८. नव्या करारातला पाठ – ४
९. गीत – ५
१०. उपदेश – १५
११. शांत प्रार्थना – २
१२. उपकारस्तुती, मध्यस्थीची प्रार्थना व प्रभूची प्रार्थना – ७
१३. शेवटचे गीत – ५
१४. आशीर्वाद – २

कुटुंबाच्या मनोगतात आभारांची यादी नको. डॉक्टर, शेजारी, कमिटी यांचे आभार पत्रिकेच्या मागच्या पानावर छापा. मुलाने किंवा मुलीने वडिलांबद्दल एक गोष्ट सांगावी आणि बसावे. बोलणे झेपणार नसेल तर पत्र लिहून दुसऱ्याकडून वाचून घ्यावे.

चहापाणी आणि खर्च

निवृत्त पाळकाच्या घरी पैसा नसतो, हे मंडळीला माहीत असते आणि तरी जेवणाची अपेक्षा धरली जाते. लांबून आलेल्यांना चहा आणि पोटाला थोडा आधार हवा, तेवढेच करा. ते महिला मंडळ आणि तरुण संघाने मिळून करावे, घरच्यांनी कर्ज काढून नव्हे. हार-पुष्पगुच्छांऐवजी साहेबांनी ज्या कामासाठी आयुष्य घालवले त्यासाठी देणगी घेता येईल: वसतिगृहातल्या मुलांची फी, खेड्यातल्या चर्चचे छप्पर, संडे स्कूलची पुस्तके. देणगी कुणाच्या हाती जाणार आणि हिशेब कोण देणार हे पत्रिकेवरच लिहा.

उपासनेनंतर

काही कामे शोकात राहून जातात. साहेब पाळक म्हणून लग्ने लावत असतील तर १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालची विवाह रजिस्टरे आणि प्रमाणपत्रांची पुस्तके घरात असू शकतात. ती रद्दीत जाऊ देऊ नका, पोचपावती घेऊन चर्च किंवा डायोसिसकडे द्या. वर्षानुवर्षांनी कुणाला तरी पासपोर्टसाठी किंवा वारसासाठी त्याच पानाची गरज पडते. उपदेशाच्या वह्या आणि रोजनिशा मुलांनी वाटून घेण्याआधी त्यांची मोबाइलवर पानवार छायाचित्रे काढून ठेवा. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदया’च्या अंकांत जसा सापडतो, तसा तो अशा वह्यांतही आहे. जीवनवृत्तांताची एक प्रत साहेबांनी सेवा केलेल्या प्रत्येक चर्चला पाठवा.

भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन, मृत्यूचा दाखला, बँकेतले नामनिर्देशन ही कामे पाळकांच्या पत्नीला एकटीने करायला लागू नयेत. कमिटीतल्या कागदपत्रांच्या जाणकाराने त्यांच्याबरोबर कार्यालयात जावे. राहते घर मंडळीचे असेल तर ते कधी सोडायचे याविषयी पहिल्या महिन्यात कुणी चकार शब्द काढू नये. नंतर काढला तर पर्यायी सोय हातात घेऊनच काढावा.

जे पाळक आज निवृत्त आहेत आणि हा लेख वाचत आहेत, त्यांनाही एक विनंती. एका कागदावर चार ओळी लिहून ठेवा: कोणते गीत, कोणता पाठ, कोणी बोलावे, काय करू नये. त्याखाली बदल्यांची वर्षे लिहा आणि कागद घरच्यांना दाखवून ठेवा.

स्मरण-उपासनेची तयारी करणाऱ्या कमिटीने शेवटचा ठराव त्याच बैठकीत करावा, उपासनेआधी. पुढचे वर्षभर पाळकांच्या घरी कोण कधी जाणार याची यादी बनवावी, दर आठवड्याला एक नाव. साहेबांनी चाळीस वर्षे लोकांची दारे ठोठावली. त्यांच्या सेवेबद्दल मंडळी खरोखर कृतज्ञ असेल, तर त्यांच्या पत्नीच्या दाराशी दर आठवड्याला कुणीतरी उभे असले पाहिजे.